मी साठ झाडांले पाणी पाजलं

मी परदेशात शेतीचा व्यवसाय शिकून राहिली होती, अन् त्याच साली नरखेड तालुक्यातल्या माझ्या मामाच्या संत्र्याच्या साठ झाडांले संक्रांतीनंतर एक फूल आलं नाही. या दोन गोष्टी योगायोगानं सोबत झाल्या असं मी बरेच दिवस लोकांले सांगून पाहिलं. कोणी मानलं नाही. मीच केलं ते. स्वतःच्या हातानं, बटण दाबून, वरून फोटो काढून.

सगळं सांगते, पण थोडं मागून सुरू करावं लागते, कारण झाडांपर्यंत पोहोचायच्या आधीच मी बरंच खोटं बोलून ठेवलं होतं.

आमचं घर गांधीबागेतलं. बाबांचं ठोक कापडाचं दुकान. त्यातही साड्या नाही बरं का, अस्तर, फॉल अन् परकराचं कापड. म्हणजे साडीच्या आत जे कोणाले दिसत नाही ते सगळं आमच्याकडं मिळते. मी कापडाच्या थानांच्या ढिगावर बसून दहावी केली, बारावी केली, बी.कॉम. केलं. शेतीशी माझा संबंध दोनच गोष्टींचा. एक, दर वर्षी दिवाळीनंतर मामाकडून येणारं संत्र्याचं पोतं. दुसरी, गॅलरीतली तुळस, जी माझ्या हातून तीनदा मेली. तिन्ही वेळा आई म्हणाली, पाणी जास्त झालं. तिन्ही वेळा मी म्हटलं, ऊन कमी पडलं.

मंग परदेशातल्या कॉलेजचा फॉर्म भरताना प्रश्न आला, तुम्हाले शेतीचा व्यवसाय काहून शिकायचा आहे? खरं उत्तर असं होतं की मले अस्तर विकायचं नव्हतं, अन् त्या कोर्सले फी माफ होती. पण ते लिहिता थोडीच येते. मी लिहिलं, 'मी संत्र्याच्या बागेत लहानाची मोठी झाली.' मोठी मी कापडाच्या थानांवर झाली. बागेत मी उन्हाळ्यात आठ दिवस जायची, त्यातले सहा दिवस मामीच्या कूलरसमोर.

अन् त्यांनी मले घेतलं ना! मीच चाट पडली.

तिथं पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायची होती. माझ्या बाजूले केनियाचा एक मुलगा बसला होता, लांबलचक अन् एकदम शांत. त्याच्या आईची ॲव्होकॅडोची झाडं होती. खरीखुरी. तो उभा राहून म्हणाला, 'माझ्या आईला शेती येते, मला अजून येत नाही,' अन् बसला. मंग मी उठली अन् पाच मिनिटं बोलली. नागपूर, संत्री, मामा, मामाची बाग, बोलता बोलता ती 'आमची बाग' कधी झाली मलेच समजलं नाही. आमच्या मॅडम म्हाताऱ्या, बारीक, रोज तोच करडा स्वेटर घालून यायच्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं अन् म्हणाल्या, 'छान, म्हणजे संत्र्याचं काही अडलं तर तुला विचारू.' झालं. त्या दिवसापासून मी वर्गाची संत्र्याची तज्ज्ञ.

केनियावाल्यानं एकदा डबा खाताना खरंच विचारलं, 'तुमच्याकडे झाडाला फूल कसं आणतात?'

मी म्हटलं, 'आणायचं काय त्यात? येते ते.'

त्यानं हातातला घास खाली ठेवला. मंग म्हणाला, 'नशीबवान आहात.' अन् पुन्हा जेवू लागला.

डिसेंबरच्या सुट्टीसाठी मॅडमनी प्रत्येकाले एक काम दिलं. आपल्या ओळखीच्या एका शेतावर जायचं, तिथं पाणी कसं वापरतात ते लिहून आणायचं, अन् फेब्रुवारीत वर्गासमोर मांडायचं. सूचना एकच होती, त्यांनी फळ्यावर लिहिली अन् खाली दोन रेघा मारल्या. फक्त पाहा, हात लावू नका.

मी वहीत उतरवून घेतलं. दोन रेघाही मारल्या.

आता बुटांचं सांगते. तिथल्या दुकानात गुडघ्यापर्यंतचे हिरवे रबरी बूट होते, शेतकऱ्यांचे. मी घेतले. बॅगेत मावेनात म्हणून विमानात पायात घालून आली. सोबत मातीची ओल मोजायचं यंत्र घेतलं, दोन खिळे अन् वर एक काटा, कोरडं असलं का काटा लाल घरात जाते. नागपूरले एक दिवस घरी झोपली अन् दुसऱ्या दिवशी गणेशपेठेतून नरखेडची एसटी धरली, बूट घालूनच, कारण मले वाटलं मी तशी आली तं मामाले बरं वाटन. कंडक्टर आधी बुटाकडं पाहे, मंग माझ्याकडं.

'ताई, या बुटाईचं अर्धं तिकीट फाडू काय?'

अर्धी बस हसली. मीही हसली, पण बूट काढले नाही.

मामाच्या दारात पोहोचली तं मामी आंगणात लसूण निसत बसली होती. तिनं खालून वर पाहिलं.

'काय वं, नागपुरात पूर आला काय?'

'मामी, शेतीचे बूट आहेत हे.'

'असं होय. मंग आमी इतके वर्ष चपलीवर केली थे काय केली वं?'

दुसऱ्या दिवशी सकाळी मामासोबत त्यांच्या मोटरसायकलवर बागेत गेली. मामाची बाग दोन भागात. विहिरीजवळची साठ झाडं अन् पलीकडची मोठी बाग. ती साठ झाडं म्हणजे मामाचा जीव. मामानं लग्नानंतर स्वतः लावलेली, गावात सगळ्यात आधी गोड होणारी. आमच्या घरी येणारं पोतं त्याच झाडांचं. गावात कोणाची बाग कशी हे पाहायचं असलं तं लोक आधी ती साठ झाडं पाहून येतात.

अन् मी पाहिलं तं काय, झाडं मरून राहिली होती! पानं गुंडाळलेली, रंग उडालेला, बुडाशी वाळक्या पानांचा थर. माती इतकी कडक का माझ्या यंत्राचे खिळे आत जाईनात. एक खिळा वाकला. दुसऱ्या जागी कसंबसं टोचलं तं काटा लाल घराच्याही पलीकडं जाऊन पडला. विहिरीत पाणी दिसून राहिलं होतं, चांगलं हातभर खाली. ठिबकच्या नळ्या प्रत्येक झाडापाशी गेलेल्या. अन् मोटर बंद.

'मामा, पाणी काहून नाही देऊन राहिले?'

मामा एका फांदीचं पान चुरगाळून पाहून राहिले होते. माझ्याकडं न पाहताच म्हणाले, 'आता नाही द्याचं. संक्रांत होऊ दे.'

बस. एवढंच. मामा कमी बोलतात, आधीपासूनच. मी अजून एकदा 'काहून?' म्हटलं असतं तं त्यांनी दोन मिनिटात सांगितलं असतं अन् हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण मी कसं विचारणार? तीन महिन्यांपासून मी तज्ज्ञ होती. घरीही सगळ्यांले सांगून ठेवलं होतं का मी तिकडं संत्र्यावर वर्गात बोलते. तज्ज्ञ माणूस 'काहून' विचारते काय? मी 'हं हं' केलं, मान हलवली, अन् बांधावर बसून वहीत लिहिलं. ती वही अजून आहे माझ्याकडं. त्यात लिहिलं आहे, 'सिंचन सणावर अवलंबून. अंधश्रद्धा?'

प्रश्नचिन्ह टाकलं होतं, एवढाच माझा मोठेपणा.

मंग आठ दिवस मी रोज बागेत जाऊन ओल मोजली. रोज लाल. झाडं रोज आणखी केविलवाणी. मले तं रात्री जेवण जाईना. मामी म्हणे, 'खा वं, तिकडचा पाव खाऊन वाळली,' अन् मी मनात म्हणायची, इथं झाडं वाळून राहिली अन् हिले माझं पडलं आहे.

त्याच आठवड्यात मामीच्या माहेरी वरुडकडं कोणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. मामा-मामी दोन दिवस जाणार. मले चल म्हणाले. मी म्हटलं, माझी रोजची मोजणी आहे, एक दिवस चुकला तं सगळं वाया जाते. मामाले कौतुक वाटलं हो! मामीले म्हणाले, 'राहू दे तिले, अभ्यास आहे तिचा.' मोटरसायकल चालू करता करता मले म्हणाले, 'गाईले चारा टाकजो. बाकी काही करू नोको.'

बाकी काही करू नोको. मॅडमनी दोन रेघा मारून तेच सांगितलं होतं. जगाच्या दोन टोकांच्या दोन माणसांनी मले तेच सांगितलं, अन् मी गाईले चारा टाकून, बूट घालून, थेट विहिरीवर गेली.

मोटरच्या पेटीच्या हँडलले एक लाल चिंधी बांधलेली होती, तीन गाठी मारून. मी ती लगेच ओळखली. आमच्याच दुकानातलं अस्तर! बाबा दर दिवाळीले मामाकडं उरलेले तुकडे पाठवतात, मामी त्याचे पायपुसणे करते. मले इतकी गंमत वाटली का आमच्या दुकानाचं अस्तर इथं मोटरवर. मले वाटलं, हँडल ढिलं झालं असन म्हणून बांधलं. मी तिन्ही गाठी दातानं सोडल्या, चिंधीची छान घडी केली, कापडवाल्याची पोट्टी आहे मी, घडी तं मी झोपेतही करते, अन् खिशात ठेवली.

ठिबकचे दोन वाल होते, पाणी सोडायच्या चाव्या, एक साठ झाडांचा अन् एक मोठ्या बागेचा. माझा विचार दोन्ही खोलायचा होता. साठ झाडांचा वाल सहज फिरला. मोठ्या बागेचा फिरेना. मी दोन्ही हातानं लटकली, बूट भिंतीले टेकवून ओढलं, हाताले फोड आले, तो ढिम्म हलला नाही. मामाची बाकीची बाग वाचली ती केवळ माझ्या अंगात ताकद नाही म्हणून. आईले सांगितलं पाहिजे, इतके वर्ष दूध पी, दूध पी म्हणून मागं लागली होती.

दहा वाजता विजेची लाईन आली. मी बटण दाबलं. पाणी धावलं. एकेका झाडाच्या बुडाशी थेंब पडू लागले अन् माती काळी काळी होत गेली, अन् खरं सांगते, माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी एका झाडाच्या खोडाले हात लावून म्हटलं, 'पी बाबा, पी.' मोठ्यानं म्हटलं. त्या दिवशी चार तास दिलं, दुसऱ्या दिवशी चार तास. फोटो काढले, काटा लाल घरातून हिरव्या घरात आला त्याचाही काढला, अन् केनियावाल्याले अन् मॅडमले पाठवले. वर लिहिलं, 'आजपासून इलाज सुरू.'

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, मोटर चालू असतानाच. एकच ओळ. 'पाणी बंद का ठेवलं होतं, हे मामांना विचारलं का?'

मी फोन उलटा करून विहिरीच्या काठावर ठेवला.

मामा-मामी तिसऱ्या दिवशी सकाळी आले. मामा हातपाय धुवायच्या आधी बागेत जातात, मी मागं मागं. मले वाटत होतं मामा पाहतील, थांबतील, अन् म्हणतील, अरे वा.

मामा थांबले. खाली वाकले, मूठभर माती घेतली, दाबली. तिचा लाडू झाला.

'पाऊस आल्ता काय?'

एक क्षण, खोटं नाही बोलत, एकच क्षण मले 'हो' म्हणावंसं वाटलं. मामाचा आवाजच तसा होता. पण आभाळ इतकं निळं होतं का ते जमणार नव्हतं. 

'मी दिलं, मामा. दोन दिवस. चार चार तास.' आवाज अर्ध्यातूनच बारीक झाला माझा.

मामा बांधावर बसले. ओरडले असते तं बरं झालं असतं. त्यांनी हातातला मातीचा लाडू दोनदा दाबला, मंग हळूच खाली ठेवला.

'पलीकडच्याईले?'

'त्याचा वाल नाही फिरला.'

'देवानं केलं,' मामा म्हणाले. मंग ते बोलू लागले, इतकं मी त्यांले सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं, 'झाडाले आपल्या हातानं तहान लावा लागते, बाई. महिना, दीड महिना. त्याले वाटलं पाहिजे का आता काही खरं नाही. मंग थे पालापाचोळा टाकते, वाढणं सोडते, अन् सगळा जीव आत धरून बसते. अन् तशात आपण पाणी दिलं का थे एकदम फुलावर येते, सगळं झाड पांढरं. याले ताण देणं म्हणतात. वीस दिवस झाल्ते. अर्ध्यात आणलं होतं म्या.'

'अन् आता?'

'आता काय. तू त्याले सांगून आली ना का काही काळजी करू नोको, पाणी भरपूर आहे. आता थे मजेत पाला काढत बसते. फूल कायले काढन?'

मले डबा खातानाचं माझंच 'आणायचं काय त्यात? येते ते' आठवलं.

'मामा, पुन्हा बंद केलं तं?'

'करतो. पाहू. नाही जमलं तं त्याईचा मृगाचा बहार धरू, पावसाच्या भरवशावर.' त्यांनी मोटरच्या पेटीकडं पाहिलं. 'इथची चिंधी कुठं गेली?'

मी खिशातून काढून दिली. घडी केलेली. मामानं ती घडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, अन् पहिल्यांदा त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. 'बांधली होती थे कोणी चुकून चालू करू नाही म्हणून. घरात कोणी तिले हात नाही लावत. गायसुद्धा त्या बाजूनं जात नाही.'

घरी मामीनं ऐकलं अन् कपाळाले हात लावला. 'इतक्या दूर विमानानं जाऊन हेच शिकवलं काय वं तुले?' पण जेवताना वाटीत तूप तिनंच जास्त टाकलं, हेही सांगितलं पाहिजे.

गावात बातमी मोटरसायकलपेक्षा जोरात पळते. दुपारी मामाच्या बांधशेजारचे काका आपल्या गव्हातून ओरडले, 'काय गा, भाची परदेशातून आली म्हणे पाणी ओलाले? माहा गहू लय तहानला आहे, धाड ना तिले इकडं!'

उरलेले दिवस मी गावातून चालली का कोणी ना कोणी विचारायचं, 'आमच्या विहिरीवर कधी येता मॅडम?' हिरवे बूट मी मामीले देऊन टाकले. ती त्यात उभे झाडू ठेवते आता.

जानेवारीत मी परत गेली. संक्रांत झाल्यावर मामानं मोठ्या बागेचा ताण सोडला, म्हणजे पाणी सुरू केलं. मी रोज फोन करून एकच विचारायची, साठ झाडांचं काय? मामा म्हणत, 'पाहू.' अन् ज्या दिवशी मले वर्गासमोर बोलायचं होतं त्याच दिवशी पहाटे मामाचे दोन फोटो आले. एकात मोठी बाग, फांदी न् फांदी पांढरी, फोटोतून वास यायचा बाकी होता. दुसऱ्यात साठ झाडं. हिरवीगार, लुसलुशीत, चमचमणारी, अन् एक फूल नाही. खाली मामानं लिहिलं होतं, 'तुह्या झाडाईचा फोटो. कालेजात दाखवजो.'

हा टोमणा होता का मामा खरंच मदत करून राहिले होते, मले अजून माहीत नाही.

आता ऐका मी किती नीच आहे ते. तो हिरवा फोटो इतका सुंदर होता का मी तो लावला. डाव्या बाजूले डिसेंबरचा सुकलेल्या झाडांचा, उजव्या बाजूले हा. वर लिहिलं, इलाजाआधी, इलाजानंतर. मी उभी राहिली, दोन वाक्यं बोलली, सगळे 'वा' म्हणाले. मॅडम स्वेटरच्या बाहीत हात घालून गप बसल्या होत्या.

अन् मागून केनियावाल्यानं हात वर केला. खोचकपणे नाही, तो खोचक नाहीच, त्याले खरंच समजून घ्यायचं होतं. 'फूल कुठे आहे?'

मी त्या फोटोकडं पाहिलं. मामानं दाबलेला मातीचा लाडू दिसला मले. मंग दुसरा फोटोही लावला, पांढरा, अन् सगळं सांगून टाकलं. थानं, कूलर, तुळस, 'अंधश्रद्धा?', चिंधी, पी बाबा पी. वर्ग टेबलावर डोकं टेकवून हसला. केनियावाला इतका हसला का त्याले बाहेर जावं लागलं. मॅडम नाही हसल्या. त्यांनी मले पास केलं, काठावर, अन् कागदाच्या खाली लिहिलं, 'आता विचारत जा.'

म्हणून मी विचारू लागली. दर रविवारी मामाले फोन. आधी मामा वैतागले. 'हे कायले पाहिजे तुले?' मी म्हणायची, 'मले नाही समजत म्हणून.' हे वाक्य बोलायले मले तोंडात खडे धरल्यासारखं होत होतं, पण चार-पाच रविवारांत जीभ वळली. पानाचा रंग कोणता झाला का समजायचं, ताण पुरे? हलक्या जमिनीले किती दिवस? मामा सांगायचे, थांबायचे, पुन्हा सांगायचे. एक दिवस फोन मामीनं उचलला. 'काय वं, तुह्या मामानं रविवारचं नरखेडच्या बाजारात जाणं सोडलं. फोन येते म्हणतात. मले मात्र इतक्या वर्षात कधी सांगितलं नाही का झाडाले तहान लावतात कायले.'

'तुम्ही विचारलं का?'

'म्या कायले विचारू? मले माहीतच आहे.'

त्या दिवाळीनंतर गांधीबागेत पोतं आलं, मोठ्या बागेचं. बाबांनी एक सोललं, खाल्लं, अन् म्हणाले, 'चांगलं आहे.' मंग दुकानात निघून गेले. दर वर्षी ते 'वा' म्हणतात.

डिसेंबरात मी पुन्हा गेली, यावेळी चपलीवर. कंडक्टर तोच नव्हता, नाही तं वाईट वाटलं असतं त्याले. साठ झाडांपाशी पोहोचली अन् थबकली. हिरवी हिरवी फळं, लिंबाहून मोठी. सगळ्या झाडांवर नाही, मी मोजली, एकतीस झाडांवर. मृगाच्या पावसानं अर्ध्याईले साथ दिली होती. बाकीची नुसती उभी होती, गुबगुबीत, बेफिकीर, माझ्यासारखी.

मोठ्या बागेची तोड होऊन गेली होती, अन् मामानं तिथं पुन्हा ताण सुरू करायचा ठरवला होता. ते विहिरीवर उभे होते. त्यांनी खिशातून लाल चिंधी काढली, धुतलेली, अन् माझ्या हातात दिली.

'बांध.'

मी मोटरच्या पेटीकडं निघाली. मागच्या वर्षी तिथंच तं होती. हँडलपर्यंत हात गेला. मामा काही बोलले नाही. बांधावर शेजारचे काका येऊन उभे राहिले होते, तेही काही बोलले नाही, हे म्हणजे नवलच. अन् मामा जेव्हा इतकं गप असतात तेव्हा काहीतरी असते, एवढं मी त्या वर्षात शिकली होती.

मी हात मागं घेतला. पेटीले बांधली तं मोटर बंद. मोटर बंद तं साठ झाडांले पाणी नाही. अन् त्यांच्यावर तं फळ आहे! त्यांले आता तहान लावली तं एकतीस झाडांचं फळ गळून पडन.

'मामा, याईले पाणी द्यायचं ना? फळ पोसून राहिलं ना ते?'

मामा म्हणाले, 'तू सांग.'

मी चिंधी घेऊन मोठ्या बागेच्या वालापाशी गेली. तोच, ढिम्म न हलणारा. तो बंदच होता. त्याच्या हँडलले मी चिंधी बांधली, तीन गाठी. मंग साठ झाडांचा वाल खोलला अन् बटणावर बोट ठेवून मागं वळून पाहिलं.

'दाबू?'

'दाब.'

'किती वेळ?'

'मी सांगतो तवा बंद कर.'

बांधावरून काकांचा आवाज आला. 'आता तं पोट्टी विचारून पाणी पाजून राहिली गा! माह्या गव्हाचं मंग कसं?'

'काका,' मी ओरडली, 'तुमच्या गव्हाले पाणी काहून पाहिजे ते आधी सांगा!'

काका सांगू लागले. लय वेळ सांगत होते. मी वही काढली.